प्रोग्रामच्या आतले सामान

विंडोज एक्सपीच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक हिरवे बटण असे आणि त्यावर 'स्टार्ट' हा शब्द. २००१ साली ती आवृत्ती आली आणि पुढची कित्येक वर्षे घरांतले, कचेऱ्यांतले, सायबर कॅफेंतले काम त्या बटणापासून सुरू होत राहिले. तो शब्द ठेवलेला होता एक्सप्लोरर डॉट ईएक्सई या फाइलमध्ये, स्ट्रिंग टेबल क्रमांक ३७ मध्ये, ५७८ या क्रमांकावर. एक्सपीचे नवे रूप काढून जुने करडे रूप लावले, तर तोच शब्द ३८व्या टेबलातून उचलला जाई. हौशी मंडळींनी फाइल उघडून ही जागा हुडकली, तिथला शब्द पुसला आणि आपल्या पसंतीचा लिहिला. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड त्यांच्यापाशी नव्हता. सी भाषेची एक ओळही त्यांना लिहावी लागली नाही. तरी प्रोग्राम बिनतक्रार चालला, कारण बदलला होता तो त्याचा चेहरा. त्याची कृती जशीच्या तशी राहिली होती.

हे कसे शक्य झाले, कुठवर शक्य आहे आणि कुठे थांबायला हवे, हे सांगणारे हे पुस्तक आहे. संगणकावरच्या आपल्याकडच्या पुस्तकांत कुठले बटण दाबले की काय होते ते भरपूर असते. ते बटण कुठून आले, त्यावरची अक्षरे कुणी आणि कुठे लिहिली, हे वाचकाला सहसा कुणी सांगत नाही. मग वापरणाऱ्याची समजूत होते की प्रोग्राम हा एकसंध दगड आहे, जसा मिळाला तसा वापरायचा. ही समजूत खोडून काढावी, एवढ्यासाठीच हे पुस्तक लिहिले.

विंडोजच्या प्रोग्राम फाइलमध्ये संगणकाने पाळायच्या आज्ञा एका भागात असतात आणि माणसाला दिसणाऱ्या गोष्टी दुसऱ्या भागात. आयकॉन, माउसचे कर्सर, मेनू, डायलॉग, चित्रे, छोटी छोटी वाक्ये, आवृत्तीची माहिती, हे सगळे त्या दुसऱ्या भागात मांडून ठेवलेले असते. या सामानाला रिसोर्स म्हणतात. मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आधी प्रकार : आयकॉन, मेनू, डायलॉग वगैरे. मग त्या प्रकारातला क्रमांक किंवा नाव. आणि तिसऱ्या पायरीवर भाषा. ईएक्सई असो, डीएलएल असो, कंट्रोल पॅनेलची सीपीएल असो की स्क्रीन सेव्हरची एससीआर, १९९३ च्या विंडोज एनटीपासून चालत आलेल्या या रचनेत फरक पडत नाही. एक फाइल वाचता आली की सगळ्या वाचता येतात.

तिसऱ्या पायरीपाशी जरा थांबू या, कारण या विषयाचा जीव तिथे आहे. एकच डायलॉग, क्रमांक एकच, पण त्याच्या खाली इंग्रजीची प्रत १०३३ या क्रमांकाने, जर्मनची १०३१ ने. वापरणाऱ्याची भाषा बघून विंडोज त्यातली योग्य प्रत उचलते. मुख्य प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टच्या यादीत हिंदीला १०८१, मराठीला ११०२ आणि कोकणीला ११११ हे क्रमांक दिलेले आहेत. म्हणजे जगात कुठेही, कुणीही लिहिलेल्या साध्या विंडोज प्रोग्रामच्या मांडणीत मराठीची जागा आधीपासून आहे. ती रिकामी असते, ही गोष्ट वेगळी.

यावरून मी जे मानतो ते सरळ सांगतो. रिसोर्स बदलणे म्हणजे प्रोग्राम फोडणे, असे पुष्कळांना वाटते. 'हॅक' हा शब्द या कामाला चिकटल्यामुळे तसे वाटणे साहजिकही आहे. पण हा भाग वेगळा ठेवला गेला तो मुळात दुसऱ्या कुणीतरी येऊन बदलावा म्हणूनच. कोड न बघता, कोडला हात न लावता अनुवादकाला काम करता यावे, यासाठी केलेली ही सोय आहे. अनुवादकासाठी ठेवलेल्या दारातून वापरणारा आत जातो, इतकेच.

ही कल्पना आधी पूर्ण रूपात दिसली ती ॲपलच्या मॅकिंटॉशवर, १९८४ साली. ब्रूस हॉर्न या तरुण प्रोग्रामरने तिथला रिसोर्स मॅनेजर लिहिला. प्रत्येक फाइलला दोन अंगे : एकात मजकूर, दुसऱ्यात रिसोर्स. ती संपादित करण्यासाठी 'रेसएडिट' नावाचे साधन ॲपलने स्वतःच दिले, आणि त्या काळातले मॅक वापरणारे कितीतरी लोक त्याच्या जोरावर आपल्या प्रोग्रामचे मेनू आणि चित्रे मनासारखी करून घेत. विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, तिच्यातही रिसोर्स होतेच. तिथे भाषेच्या जोडीला स्मृतीची अडचणही होती. ६४० किलोबाइटांच्या मर्यादेत राहायचे, तर प्रत्येक डायलॉग आणि प्रत्येक चित्र सतत स्मृतीत ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून लागेल तेव्हा डिस्कवरून उचलायचे आणि जागा कमी पडली की टाकून द्यायचे, अशी व्यवस्था केली. डिस्कवरून वेगळे उचलायचे तर वेगळे ठेवायलाही हवे. त्या टंचाईची आज कुणाला आठवण नाही, पण तिच्यातून आलेली शिस्त टिकली.

विंडोजच्या बाजूला रिसोर्सची साधने बराच काळ प्रोग्रामर लोकांच्याच हाती होती. ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मेनू-डायलॉग लिहीत, रिसोर्स कंपायलर त्याचे बायनरी रूप करी आणि ते प्रोग्रामला जोडले जाई. बोरलंडच्या 'रिसोर्स वर्कशॉप'ने तयार फाइल उघडून बघण्याची सोय केली, तरी तेही विकासकांचेच साधन. सामान्य वापरणाऱ्याच्या हाती हे काम आले ते अँगस जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरच्या 'रिसोर्स हॅकर'मुळे. १९९९ पासून तो मोफत मिळतो आहे. डावीकडे रिसोर्सची झाडासारखी यादी, उजवीकडे मजकूर किंवा चित्र. बदला, जतन करा. या पुस्तकातले बहुतेक प्रयोग त्याच्यावर केलेले आहेत. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. रिसोर्स लिहिण्यासाठी लागणारी फंक्शने एनटीपासूनच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेली आहेत. दार कुणी चोरून उघडलेले नाही, ते मालकाने बसवलेले आहे.

आता आयकॉनकडे येतो, कारण बहुतेक वाचक या पुस्तकाकडे आयकॉनसाठीच येतील.

१९९० साली विंडोज ३.० आली तेव्हा तिचे कितीतरी आयकॉन सुझन केअर यांनी काढले होते. मॅकिंटॉशचे पहिले आयकॉन ज्यांनी काढले त्याच या चित्रकार. सॉलिटेअरचे पत्तेही त्यांचेच. ३२ चौकोन आडवे, ३२ उभे, रंग सोळा, एवढ्या तुटपुंज्या साहित्यात ओळखू येईल असे चित्र काढणे हे रांगोळीच्या ठिपक्यांइतकेच शिस्तीचे काम आहे. एक ठिपका हलला की आकार बिघडतो. जुन्या आयकॉनांकडे त्या नजरेने पाहावे. विंडोज ३.१ सोबत 'मोरिकॉन्स डॉट डीएलएल' नावाची फाइल आली, तिच्यात डॉसच्या जुन्या प्रोग्रामांसाठी आयकॉनांचा साठाच होता. ती फाइल पुढच्या आवृत्त्यांनीही जपून ठेवली. ती उघडून बघणे हा या विषयातला निखळ आनंद आहे.

आयकॉन म्हणजे एक चित्र नव्हे, चित्रांचा गट असतो. प्रत्येक आकाराचे चित्र तिसऱ्या प्रकाराखाली वेगळे ठेवलेले असते आणि कुठली चित्रे मिळून एक आयकॉन होतो त्याची यादी चौदाव्या प्रकाराखाली. सोळाचे चित्र यादीदृश्यासाठी, बत्तीसचे आणि अठ्ठेचाळीसचे मोठ्या दृश्यासाठी. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्राला रंगांसोबत एक काळा-पांढरा मुखवटा जोडलेला असे. मुखवट्यात जिथे पांढरे तिथून मागचा पडदा दिसे, त्यामुळे कडा एक तर पूर्ण दिसत किंवा अजिबात नाही. मधले काही नसे. एक्सपीने प्रत्येक बिंदूला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या दिल्या आणि आयकॉनांना सावल्या आल्या. व्हिस्टाने २५६ बिंदू रुंदीचे चित्र आणले. तसे एक चित्र उघडे ठेवले तर २५६ किलोबाइट खाते, म्हणून ते पीएनजी पद्धतीने दाबून ठेवायची मुभा दिली.

घरी केलेले आयकॉन बिघडतात ते बहुतेक सोळाच्या चित्रात. मोठे चित्र यंत्राने लहान केले की गढूळ डाग उरतो. लहान आकारासाठी चित्र नव्याने काढावे लागते, तपशील टाकून द्यावे लागतात. पेन्सिलीवरची अक्षरे, कागदावरच्या ओळी, पिशवीची शिवण यातले काहीही सोळात मावत नाही. मावतो तो फक्त बाह्याकार आणि एक ठळक रंग. यावर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. फाइलमध्ये चित्र बसवायला दोन मिनिटे लागतात. बसवण्याजोगे चित्र काढायला दिवस जातो.

दोन अडचणी नवशिक्याला हमखास भेटतात. पहिली : आयकॉन घातला, जतन झाला, पण फाइलवर जुनाच दिसतो. एक्सप्लोरर फाइलसाठी पहिला गट उचलतो. आधी नावे असलेले गट अक्षरानुक्रमाने, मग क्रमांकांचे चढत्या क्रमाने. नवा गट शेवटी जोडला असेल तर तो कधीच पुढे येणार नाही. असलेल्या पहिल्या गटाच्या जागीच नवा बसवायला हवा. दुसरी : सगळे बरोबर केले तरी जुना चेहरा जात नाही. कारण विंडोज आयकॉन पुन्हा पुन्हा फाइलमधून काढत बसत नाही, एकदा काढलेले स्वतःच्या साठ्यात ठेवते. तो साठा नव्याने बांधला गेला की नवे रूप दिसते.

आयकॉन बदलायला शिकलेला माणूस आणखी एक गोष्ट आपोआप शिकतो : आयकॉनवर विश्वास न ठेवणे. पेन ड्राइव्ह नव्याने सर्वत्र झाले त्या काळात कॉलेजच्या प्रयोगशाळांत आणि कॅफेंत 'न्यू फोल्डर' नावाचे पिवळे फोल्डर आपोआप उगवत. ते फोल्डर नसत. फोल्डरचा आयकॉन लावलेल्या ईएक्सई फाइली असत, आणि विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवत असल्यामुळे उघडणाऱ्याला कळायचे नाही. ब्राँटॉकसारखे कृमी याच युक्तीवर पसरले. आयकॉन ही प्रोग्रामने स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे, विंडोजने तपासून दिलेले प्रमाणपत्र नव्हे. शाळेत संगणक शिकवताना हे पहिल्या महिन्यात सांगायला हवे असे मला तळमळीने वाटते.

शब्दांचा भाग आयकॉनइतका देखणा नाही, पण उपयोगाचा त्याहून जास्त आहे. प्रोग्रामची वाक्ये सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांत ठेवलेली असतात. सुरुवातीला सांगितलेले ३७ वे टेबल म्हणजे ३७ वा गठ्ठा; त्याच्याआधी ३६ गठ्ठे, म्हणून त्याचा पहिला क्रमांक ५७६, आणि ५७८ हे त्यातले तिसरे वाक्य. हा हिशेब कळला की कुठल्याही क्रमांकाचे वाक्य कुठल्या गठ्ठ्यात असेल ते कागदावर काढता येते. प्रत्येक वाक्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते आणि अक्षरे युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे देवनागरीला तांत्रिक अडथळा नाही. नुसत्या हेक्स एडिटरने फाइल बदलायची तर पाच अक्षरांच्या जागी पाचच अक्षरे लिहावी लागतात. रिसोर्स एडिटर पूर्ण टेबल नव्याने बांधतो, म्हणून तिथे ते बंधन नाही.

खरा अडथळा भाषेच्या वळणाचा आहे. कितीतरी वाक्यांत मध्येच टक्क्याचे चिन्ह आणि एखादे अक्षर असते. चालताना तिथे फाइलचे नाव किंवा संख्या येऊन बसते. ही चिन्हे पुसली किंवा त्यांचा क्रम बदलला तर प्रोग्राम चुकीच्या जागी चुकीचे मूल्य भरतो, कधी कोसळतोही. इंग्रजीत क्रियापद आधी, मराठीत शेवटी. म्हणून अनुवादकाचा हात तो क्रम बदलायलाच जातो. जिथे चिन्हांना स्वतःचे एक, दोन असे अंक दिलेले असतात तिथे क्रम बदललेला चालतो. जिथे नसतात तिथे वाक्याची रचना अशी करावी लागते की क्रम जागेवर राहील आणि मराठीही मराठीच राहील. त्याहून वाईट म्हणजे तुकड्यांतून जोडलेली वाक्ये. एका जागी 'फाइल' किंवा 'फोल्डर', दुसऱ्या जागी 'पुसला'. इंग्रजीत कुठलाही तुकडा कुठेही बसतो. मराठीत फाइल पुसली जाते आणि फोल्डर पुसला जातो. अशा वेळी 'पुसून झाले' यासारखी लिंग चुकवणारी रचना शोधावी लागते. हे व्याकरणाचे काम आहे, संगणकाचे नाही, आणि भाषेवर प्रेम असलेल्या माणसाला ते मनापासून आवडेल. आणखी एक धोका : वाक्यांच्या टेबलात काही नोंदी माणसासाठी नसतातच. रजिस्ट्रीतल्या किल्ल्या, फाइलींची नावे, अंतर्गत खुणा. त्यांना हात लावायचा नाही.

डायलॉगमध्ये प्रश्न जागेचा येतो. डायलॉगची मापे बिंदूंत नसतात, अक्षरांत असतात : आडवे एकक म्हणजे त्या डायलॉगच्या फॉन्टच्या सरासरी अक्षराच्या रुंदीचा चौथा भाग, उभे एकक म्हणजे उंचीचा आठवा. ही मापे रोमन अक्षरांवर बेतलेली असतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. बटणाची उंची तीच ठेवली तर वरचा अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जातो, आणि एका अनुस्वाराने अर्थ बदलणाऱ्या भाषेत ते चालवून घेता येत नाही. म्हणून मराठीसाठी बटणे आणि ओळी उंच कराव्या लागतात, मग खालचे सगळे सरकवावे लागते. जागा, आकार आणि मजकूर खुशाल बदलावा. प्रत्येक बटणाचा क्रमांक मात्र जसाच्या तसा ठेवावा, कारण कोड बटणाला त्याच क्रमांकाने ओळखतो.

विंडोजमध्ये देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २००० पासून. तिच्यासोबत आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. कोल्हापूरकडचे हे कवी आणि सुलेखनकार मुंबईच्या आयआयटीत शिकवत असत. आपल्या लिपीचे पडद्यावरचे पहिले सर्वदूर पोचलेले रूप त्यांनी घडवले. त्याच्या आधीच्या काळात एक पळवाट होती. डायलॉगच्या रिसोर्समध्ये फॉन्टचे नाव लिहिता येते. तिथे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टचे नाव घालायचे आणि मजकुराच्या जागी त्या फॉन्टच्या सांकेतिक जागांप्रमाणे रोमन चिन्हे लिहायची. पडद्यावर मराठी दिसे. मेनूला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण मेनूच्या रिसोर्समध्ये फॉन्टला जागाच नाही. तो यंत्रणेचा फॉन्ट घेतो. जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामांत डायलॉग मराठीत आणि मेनू इंग्रजीत अशी जोडी दिसली, तर त्यामागचे कारण हे असू शकते.

मेनूतल्या अधोरेखित अक्षराबद्दल थोडेसे. आल्ट दाबून जे अक्षर दाबायचे ते मजकुरात अँपरसँडने दाखवलेले असते. मराठी शब्दातले अक्षर अधोरेखित केले तर कळफलक मराठीवर असतानाच ते चालेल. जपानी अनुवादकांनी यावर कधीच तोडगा काढला आहे : शब्द आपल्या लिपीत आणि त्याच्यापुढे कंसात एक रोमन अक्षर. मराठीलाही तोच सोयीचा. कंट्रोलसोबतच्या कळाही रिसोर्समध्येच असतात. स्पॅनिश विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन करायला कंट्रोल आणि जी दाबावे लागे, कारण स्पॅनिशमध्ये जतन करण्याच्या क्रियापदाचे पहिले अक्षर जी. आपण या वाटेने जाऊ नये, असे माझे मत आहे. कंट्रोल-एस बोटांत इतके भिनले आहे की ते बदलणे म्हणजे वापरणाऱ्याला त्रास देणे.

आवृत्तीची माहिती आणि मॅनिफेस्ट हे दोन कोरडे प्रकार पुस्तकात थोडक्यात आले आहेत. मॅनिफेस्ट हा चोविसाव्या प्रकारातला साधा मजकूर. जुन्या प्रोग्रामला तो जोडला की एक्सपीनंतरची बटणे त्याला मिळतात, एवढ्यासाठी तरी तो शिकावा. आवृत्तीच्या माहितीत मूळ कर्त्याचे आणि कंपनीचे नाव असते. ते पुसून तिथे आपले नाव घालणे हा अप्रामाणिकपणा आहे. बदल आपण केला हे सांगायचे असेल तर शेरा लिहायची वेगळी जागा तिथेच दिलेली आहे.

आता कुलपांबद्दल. विंडोज २००० पासून यंत्रणेच्या फाइली बदलल्या की त्या मूळ रूपात परत आणणारा पहारा बसला. व्हिस्टात तो आणखी कडक झाला. फाइलींची मालकीच 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या वेगळ्या खात्याकडे गेली. मजकूर मुख्य फाइलमधून निघून प्रत्येक भाषेच्या एमयूआय फाइलमध्ये गेला. मराठी भाषा-पॅक बसवलेल्या संगणकावर त्या फाइली मराठी-भारत अशा खुणेच्या फोल्डरमध्ये सापडतात. २०१९ च्या विंडोज १० मध्ये शेल३२सारख्या फाइलींतले आयकॉनही हलवून वेगळ्या एमयूएन फाइलींत ठेवले गेले. म्हणून एक्सपीच्या काळातल्या पाककृती आज तशाच्या तशा चालत नाहीत. हा पहारा मला योग्य वाटतो. जो हौशी माणसाला अडवतो तोच विषाणूलाही अडवतो. यंत्रणेच्या फाइलींची मालकी ओढून घेऊन त्या बदलायची कृती या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाही. फोल्डरचे, शॉर्टकटचे, फाइल-प्रकारांचे आयकॉन रजिस्ट्रीतून, डेस्कटॉप डॉट आयएनआय या छोट्या फाइलमधून किंवा शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधून बदलता येतात. मूळ फाइलला धक्का लागत नाही. आधी तो मार्ग बघावा.

इतर प्रोग्रामांतही तीन ठिकाणी सावध राहायला हवे. डिजिटल सही असलेल्या फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी सही अवैध होते, आणि ते बरोबरच आहे. सहीचा अर्थच तो. यूपीएक्ससारख्या साधनाने दाबलेली फाइल उघडली तर रिसोर्स अर्धवट दिसतात. आधी ती मोकळी करावी लागते. आणि इन्स्टॉलर किंवा आपोआप सुटणाऱ्या झिप फाइलींना हात लावू नये, कारण त्यांचा खरा माल प्रोग्रामच्या शेवटापलीकडे चिकटवलेला असतो आणि रिसोर्स लिहिताना तो गळून पडू शकतो. इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या आजच्या प्रोग्रामांत तर या पद्धतीने आयकॉनपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. त्यांचा मजकूर जावास्क्रिप्टच्या फाइलींत असतो.

कायद्याचा प्रश्न वाचक विचारणारच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक मुभा दिली आहे : कायदेशीररीत्या मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून, वैयक्तिक आणि बिनव्यापारी वापरासाठी संगणक प्रोग्रामच्या प्रती किंवा रूपांतर करणे हे उल्लंघन ठरत नाही. प्रोग्रामसोबत येणाऱ्या करारात वेगळ्या अटी असू शकतात, त्या वाचाव्यात. बदललेली फाइल दुसऱ्याला देणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट. ती करायची तर परवाना तशी मोकळीक देणारा हवा.

समजा, तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात पंधरा वर्षांपूर्वीचा बिलांचा प्रोग्राम चालतो आहे. करणाऱ्याने धंदा बंद केला आहे. काउंटरवरच्या मुलाला त्यातले इंग्रजी आखूड शब्द कळत नाहीत, तो जागा पाठ करून काम करतो. त्या प्रोग्रामचे डायलॉग मराठीत करायला नवा प्रोग्राम लागत नाही, मूळ कर्ता लागत नाही. एक शांत दुपार, एक मोफत साधन आणि चांगले मराठी एवढ्यावर ते होते. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तो मुलगा आणि त्याला मदत करू इच्छिणारी त्याची बहीण होती.

सुरुवात मात्र ७-झिपपासून केली आहे. इगोर पावलोव यांचा हा प्रोग्राम १९९९ पासून मोफत मिळतो आणि त्याचा बहुतांश भाग मुक्त परवान्याखाली आहे. त्याच्या 'लँग' फोल्डरमध्ये मराठीची फाइल आधीच असते; नोटपॅडमध्ये ती उघडून बघितली की मजकूर प्रोग्रामबाहेर ठेवण्याची दुसरी पद्धतही कळते. आयकॉन मात्र ७झेड डॉट डीएलएलच्या आत, रिसोर्स म्हणून. ७-झिपचा सगळा फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्या आणि त्या प्रतीवरच काम करा. झिप फाइलींसाठी रजिस्ट्रीत त्या डीएलएलचे नाव आणि पुढे १ हा अंक लिहिलेला असतो, ७झेड फाइलींसाठी ०. हा अंक गटाचा क्रम आहे. चित्रे हवी तशी बदला, नवा गट मध्ये घुसवू नका, असलेला काढू नका. नाहीतर झिपच्या फाइलीवर भलत्याच प्रकाराचा आयकॉन येऊन बसेल, आणि चूक चित्रात शोधत बसाल तेव्हा ती मोजणीत असेल.